क्रमांक विकत मिळत नाही

आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण मराठी माणसाला कोणी शिकवावी लागत नाही. तरीही महाजालावर आपले संकेतस्थळ उभारणाऱ्या मराठी संस्था, प्रकाशक, शाळा, पतसंस्था आणि लहानमोठे उद्योजक यांचे वर्तन पाहिले, तर या म्हणीचा त्यांना पूर्ण विसर पडला आहे असेच म्हणावे लागते. संकेतस्थळ तयार होते, एखाद्या मान्यवराच्या हस्ते त्याचे उद्घाटन होते, छायाचित्रे छापून येतात. सहा महिन्यांनी कोणीतरी गूगलवर शोध घेतो आणि संस्थेचे नाव पाचव्या-सहाव्या पानावरही सापडत नाही. मग धावपळ सुरू होते. स्थळावर काय आहे आणि काय नाही, याचा विचार या धावपळीत कोणी करत नाही. क्रमांक वर आणून देणारा माणूस तेवढा शोधला जातो.

असा माणूस लगेच सापडतो. ‘तीस दिवसांत पहिल्या पानावर, खात्रीशीर’ असे आश्वासन देणाऱ्यांची आज शहरोशहरी रीघ लागलेली आहे. वस्तुतः पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गूगलने आपल्या मार्गदर्शक सूचनांमध्येच स्पष्टपणे सांगितलेले आहे. ज्या गोष्टीची हमी तिचा मालकही देत नाही, ती रस्त्यावरचा दलाल देतो आणि सुशिक्षित विश्वस्त मंडळे त्यासाठी धनादेश फाडतात. हा व्यवहार अज्ञानाचा आहेच. पण त्याहून अधिक तो श्रम टाळण्याच्या वृत्तीचा आहे. म्हणूनच त्याची परखड चिकित्सा झाली पाहिजे.

शिफारशीचे गणित

शोधयंत्र पानांचा क्रम कसा लावते, याचे मूळ तत्त्व समजण्यास अवघड नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी १९९८ मध्ये गूगलची स्थापना केली, ती एका साध्या कल्पनेच्या बळावर. एका पानाने दुसऱ्या पानाचा दुवा दिला, तर ती एक शिफारस मानावी. आणि शिफारस करणाऱ्याची स्वतःची पत जितकी मोठी, तितके त्या शिफारशीला वजन द्यावे. गावातील दहा उडाणटप्पूंनी केलेल्या स्तुतीपेक्षा एका जाणत्या वैद्याचा शब्द अधिक मोलाचा ठरतो, तसाच हा न्याय. आज या गणितात शेकडो घटकांची भर पडली आहे. पान किती वेगाने उघडते, भ्रमणध्वनीवर ते नीट दिसते का, मजकूर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो का, हे सारे पाहिले जाते. तरीही पत आणि आशय हे त्याचे दोन खांब कायम आहेत.

आणि पत खोटी तयार करण्याचा मोहही तितकाच जुना आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यू या बलाढ्य मोटार कंपनीचे जर्मन संकेतस्थळ गूगलने आपल्या सूचीतून काढून टाकले. कारण काय? शोधयंत्राला दाखवण्यासाठी ‘जुन्या मोटारी’ अशा शब्दांनी ठासून भरलेली पाने आणि माणसांना दाखवण्यासाठी वेगळीच पाने, असा दुहेरी कारभार तेथे चालला होता. ती पाने हटवल्यानंतरच कंपनीला पुन्हा प्रवेश मिळाला. फेब्रुवारी २०११ मध्ये अमेरिकेतील जे. सी. पेनी या विख्यात विक्रेत्याचे बिंग ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने फोडले. कपड्यांपासून गालिच्यांपर्यंत असंख्य वस्तूंच्या शोधात ही कंपनी ऐन नाताळच्या हंगामात अग्रस्थानी होती. आणि त्यामागे हजारो असंबद्ध स्थळांवर पेरलेले दुवे होते. गूगलने कारवाई करताच तिचे क्रमांक एका झटक्यात खाली घसरले. आपल्याला याची कल्पना नव्हती असे सांगून कंपनीने सल्लागार संस्थेशी संबंध तोडले. पण गेलेली अब्रू सल्लागार परत आणून देत नाही.

त्याच महिन्यात उथळ आणि उसन्या मजकुराला मागे ढकलणारा ‘पांडा’ नावाचा मोठा बदल गूगलने केला. एप्रिल २०१२ मध्ये खोट्या दुव्यांवर घाव घालणारा ‘पेंग्विन’ आला. त्यानंतरही असे बदल सतत होत राहिले आहेत. बीएमडब्ल्यूसारखी कंपनी असा फटका सोसू शकते. सांगलीचा एखादा हळद व्यापारी किंवा कोकणातला आंबा बागायतदार मात्र तो सोसू शकत नाही. त्याच्या नावावर जमा झालेले खोटे दुवे निस्तरता निस्तरता त्याचा हंगाम निघून जातो आणि दलालाचा दूरध्वनी तोवर बंद झालेला असतो.

मराठीच्या घरचे दुखणे

मराठी स्थळांची कथा याहून अधिक क्लेशकारक आहे. कारण तेथे लबाडीपेक्षा अनास्थेने अधिक नुकसान केले. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ सालीच स्थान मिळाले होते. विंडोज २००० आणि त्यापाठोपाठ आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये युनिकोड देवनागरीची सोयही होती. तरीही त्यानंतर कित्येक वर्षे मराठी वृत्तपत्रे, मासिके आणि शासकीय कार्यालये निरनिराळ्या खासगी टंकांमध्येच मजकूर चढवीत राहिली. या टंकांमध्ये पडद्यावर ‘महाराष्ट्र’ दिसत असले, तरी संगणकाच्या दृष्टीने तेथे रोमन अक्षरांचा निरर्थक गोंधळ असे. शोधयंत्राने ते पान वाचले, पण त्याला मराठीचा एक शब्दही त्यात आढळला नाही! लक्षावधी शब्दांचे वृत्तांत, अग्रलेख, मृत्युलेख त्या काळात लिहिले गेले आणि शोधाच्या जगात मात्र ते जन्मालाच आले नाहीत.

तो काळ सरला, पण वृत्ती सरली नाही. आज टंकांची जागा प्रतिमांनी घेतली आहे. संस्थेचा शतकभराचा इतिहास, दुर्मीळ अंक, अहवाल, स्मरणिका यांची पाने छायाचित्रासारखी टिपून एका जाडजूड फाइलमध्ये कोंबली जातात आणि ‘डिजिटायझेशन पूर्ण’ असे जाहीर होते. छापील अक्षरे ओळखणारी यंत्रणा आज देवनागरीसाठीही उपलब्ध आहे. परंतु तिचा वापर करून, मजकूर तपासून, प्रत्येक लेखाला स्वतंत्र पान देण्याचे कष्ट घेणार कोण? वाईच्या मराठी विश्वकोशाने हे कष्ट घेतले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली आकाराला आलेल्या या कोशाच्या नोंदी आज युनिकोड मजकुराच्या रूपात, प्रत्येकी स्वतंत्र पानावर उपलब्ध आहेत. म्हणूनच एखाद्या विषयाचा मराठीत शोध घेतला, की विश्वकोशाची नोंद समोर येते. त्यासाठी कोणत्याही दलालाला दक्षिणा द्यावी लागली नाही.

भाषेच्याही काही खऱ्या अडचणी आहेत आणि त्या नाकारण्याचे कारण नाही. ‘वाऱ्यावर’ या शब्दातील अर्धा र संगणकात दोन निरनिराळ्या रीतींनी साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला मात्र वेगळे. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. तोवर ते जोडकाम करूनच लिहावे लागे आणि आजही दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी नांदतात. ‘शेतकरी’ शोधणाऱ्याला ‘शेतकऱ्यांसाठी’ हे रूपही हवे असते, हे यंत्राला शिकवावे लागते. आणि शिकवण्यासाठी शुद्ध, विपुल मराठी मजकूर लागतो. म्हणजे पुन्हा गाडी तेथेच येऊन थांबते. मजकूर नाही म्हणून यंत्राला मराठी नीट येत नाही, आणि यंत्राला मराठी येत नाही म्हणून कोणी मजकूर लिहीत नाही. हे चक्र तोडण्याची जबाबदारी कॅलिफोर्नियातील अभियंत्यांची आहे, की मराठी बोलणाऱ्यांची?

याहून लाजिरवाणी गोष्ट वेगळीच आहे. कोणी कष्टाने एखादा लेख लिहितो. चार दिवसांत तो लेखकाचे नाव गाळून व्हॉट्सॲपच्या शेकडो समूहांत फिरू लागतो. वीस संकेतस्थळे तो जसाच्या तसा उचलतात आणि मूळ पानाचा दुवा एकही देत नाही. शोधयंत्राला एकाच मजकुराच्या एकवीस प्रती दिसतात. त्यांतील एक ते दाखवते आणि ती मूळ लेखकाचीच असेल याची शाश्वती नसते. ज्या संस्कृतीत ऋषिऋण हे जन्माबरोबर येणारे ऋण मानले गेले, त्या संस्कृतीचा अभिमान सांगणाऱ्यांनी लेखकाचे नाव गाळून मजकूर पुढे ढकलावा, याला काय म्हणावे? दुवा देणे म्हणजे आधुनिक भाषेत ऋण मान्य करणे होय. मराठी स्थळे एकमेकांची शिफारस करीत नाहीत आणि मग मराठीला पत नाही म्हणून गळा काढतात!

षड्यंत्राची सबब

या ठिकाणी एक आक्षेप हमखास घेतला जातो. सारे शोधयंत्रच परकीयांच्या हाती आहे. ते भारतीय आशयाला मुद्दाम मागे ठेवते. तेव्हा प्रयत्न करून उपयोग काय? या आक्षेपातील सत्यांश प्रथम मान्य करावयास हवा. गूगल ही धर्मादाय संस्था नाही. स्वतःच्या खरेदी-सेवेला झुकते माप दिल्याबद्दल युरोपीय आयोगाने जून २०१७ मध्ये तिला २४२ कोटी युरोंचा दंड केला आणि युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो कायम केला. भारतीय स्पर्धा आयोगानेही शोधातील पक्षपाताबद्दल फेब्रुवारी २०१८ मध्ये १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ऑगस्ट २०२४ मध्ये तर अमेरिकेच्याच संघीय न्यायालयात न्यायमूर्ती अमित मेहता यांनी, गूगलने शोधक्षेत्रातील मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवली, असा निर्णय दिला. एका परदेशी कंपनीच्या दारातून साऱ्या देशाच्या ज्ञानाने ये-जा करावी, ही परिस्थिती राष्ट्रीय दृष्ट्या हितावह नाही, यात शंका नाही. तिच्यावर कायद्याचा अंकुश हवाच.

परंतु हे सारे निकाल नीट वाचले पाहिजेत. कंपनीने स्वतःचा धंदा कसा पुढे रेटला आणि स्पर्धकांची वाट कशी अडवली, याविषयी ते आहेत. जे पान लिहिलेच गेले नाही, त्याला पहिला क्रमांक देण्याचा आदेश जगातील कोणतेही न्यायालय देऊ शकत नाही. षड्यंत्राची सबब ही पराभूत मनाची पळवाट आहे. ती सांगितली की उठून काम करावे लागत नाही.

दक्षिण कोरियाचे उदाहरण या दृष्टीने डोळ्यांत अंजन घालणारे आहे. १९९९ मध्ये तेथे ‘नेव्हर’ हे देशी शोधयंत्र सुरू झाले. लवकरच चालकांच्या लक्षात आले, की यंत्र कितीही चांगले असले तरी महाजालावर कोरियन भाषेतील मजकूरच अपुरा आहे. तेव्हा त्यांनी २००२ मध्ये सामान्य नागरिकांनी प्रश्न विचारावेत आणि नागरिकांनीच कोरियन भाषेत उत्तरे लिहावीत, अशी सोय केली. लोक लिहू लागले, विहीर भरली आणि त्या देशात नेव्हर गूगलसमोर पाय रोवून उभे राहिले. दक्षिण कोरियाची लोकसंख्या सुमारे पाच कोटी. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे आठ कोटी तीस लाख! भारतातही २००६ मध्ये बंगळुरूत ‘गुरुजी’ नावाचे शोधयंत्र निघाले होते. ते टिकले नाही. देशी यंत्राचा उद्घोष करणे सोपे असते; त्या यंत्राला रोज खाद्य पुरवणारा लिहिता समाज उभा करणे कठीण असते.

आता प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे. २०२४ पासून शोधयंत्रे दुव्यांच्या यादीवरच कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले उत्तर देऊ लागली आहेत. वाचणारा ते वाचून तेथेच थांबतो. मूळ पानापर्यंत जातोच असे नाही. हे उत्तर उपलब्ध मजकुरावर पोसले जाते. मराठीत पुरेसा विश्वासार्ह मजकूर नसेल, तर साताऱ्याच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या जिल्ह्याच्या इतिहासाचे, कपाशीवरील बोंडअळीचे किंवा आजीच्या मधुमेहाचे उत्तर इतरत्र, इतरांसाठी लिहिलेल्या मजकुराचे भाषांतर म्हणूनच मिळेल. शब्द मराठी असतील. अनुभव आणि दृष्टी उसनी असेल. क्रमांकाच्या प्रश्नात खरे पणाला काय लागले आहे, ते हे आहे.

उपाय कोणत्याही दलालाच्या पोतडीत नाही. प्रत्येक संस्थेने आपल्या क्षेत्रातील जे ज्ञान फक्त तिच्यापाशी आहे, ते सुबोध, तपासलेल्या युनिकोड मराठीत लिहावे. प्रत्येक विषयाला स्वतंत्र पान आणि नेमके शीर्षक द्यावे. प्रतिमांत कोंडलेली अक्षरे मुक्त करावीत. स्थळ साध्या भ्रमणध्वनीवरही झटपट उघडेल इतके हलके ठेवावे. दुसऱ्याचे चांगले काम दिसले, तर त्याचे नाव घेऊन दुवा द्यावा. आणि हे वर्षभर, नित्यनेमाने करावे. कार्यकर्त्याला नित्यनेमाचे महत्त्व सांगण्याची आवश्यकता नाही. दररोज ठरलेल्या वेळी ठरलेले काम करणे हीच ज्याची शिस्त आहे, त्याला रोजचे एक शुद्ध पान जड वाटू नये.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध केले, तेव्हा त्यांच्यापाशी संगणक नव्हता, महाजाल नव्हते आणि राजाश्रयही नव्हता. होती ती केवळ आपल्या भाषेत जगाचे ज्ञान आणण्याची जिद्द. त्यांच्या वारसांकडे आज सर्व साधने आहेत. त्यांनी पहिल्या पानासाठी पैसे मोजावेत आणि लिहिण्यासाठी मात्र वेळ नाही म्हणावे, हे त्या वारशाला शोभणारे नाही. पोहरा कितीही चकचकीत असो. आडात पाणी असेल तरच तो भरून वर येईल.