घर पाहावे, पण बांधण्यापूर्वी

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे. बांधकामातील चुका बांधून झाल्यावरच कळतात आणि तोवर त्या निस्तरण्याची वेळ टळलेली असते, हा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव तिच्यात साठलेला आहे. संगणकावर संपूर्ण इमारतीचे प्रतिमान उभारण्याच्या तंत्राने या म्हणीलाच आता आव्हान दिले आहे. घर बांधण्यापूर्वीही पाहता येते. ते केव्हा पाहावे आणि कोणी पाहावे, एवढाच प्रश्न उरतो.

विचार पुरा होण्यापूर्वी कुदळ मारली म्हणजे काय होते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण सिडनीचे ऑपेरा हाउस होय. डॅनिश वास्तुविशारद यॉर्न उत्झन यांचा आराखडा १९५७ मध्ये स्पर्धेत निवडला गेला. छताची शिडासारखी कवचे उभी कशी करायची, हे ठरलेले नसतानाच राज्यकर्त्यांच्या घाईपोटी १९५९ मध्ये कामाला आरंभ झाला. पुढे कवचांचा भार अपेक्षेपेक्षा अधिक निघाला आणि आधी उभारलेले आधारस्तंभ पुन्हा बांधावे लागले. १९६६ मध्ये उत्झन काम सोडून गेले. सत्तर लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांचा मूळ अंदाज अखेरीस १० कोटी २० लाखांवर गेला आणि वास्तू ठरल्या वेळेहून दहा वर्षे उशिरा, १९७३ मध्ये खुली झाली. ती अजोड ठरली, हे खरे. परंतु तालुक्याच्या शाळेला वा कचेरीला असा अपव्यय परवडणारा नाही.

इमारतीचे वर्णन कागदी नकाशांऐवजी संगणकातच साठवावे, ही कल्पना अमेरिकेतील चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ मध्ये मांडली. आज तिला ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’ म्हणतात. नकाशात भिंत म्हणजे दोन रेघा. प्रतिमानात तीच भिंत आपली जाडी, साहित्य आणि किंमत घेऊन उभी असते. खिडकी हलविली की नकाशा, छेद आणि साहित्याचे परिमाण एकाच वेळी बदलते. दुपारचे ऊन कोणत्या वर्गात येईल, हेही आधीच पाहता येते.

ब्रिटनने २०१६ पासून केंद्र सरकारच्या बांधकामांसाठी हे तंत्र बंधनकारक केले. नागपूर मेट्रोच्या उभारणीतही ते वापरले गेले. तथापि मोठ्या प्रकल्पांनी ते स्वीकारले एवढ्याने काम भागत नाही. सारे निर्णय झाल्यावर प्रतिमान केले, तर ते निर्णयांची केवळ नोंद ठेवते. इमारतीची दिशा, उंची आणि जिन्यांच्या जागा ठरण्यापूर्वी ते केले, तरच त्याचा खरा लाभ पदरात पडतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. आरंभीच बारीकसारीक तपशील भरले, तर अर्धवट विचाराला पक्केपणाचा भास येतो. म्हणूनच अमेरिकन वास्तुविशारदांच्या संस्थेने २००८ मध्ये प्रतिमानाच्या तपशिलाच्या १०० ते ५०० अशा पायऱ्या ठरविल्या. पहिल्या पायरीवर केवळ ठोकळ आकार पुरतो. छोट्या व्यावसायिकांना संगणकप्रणालीचा खर्च जड जातो, हेही नाकारता येत नाही. पण ठोकळ प्रतिमानाला फार सामग्री लागत नाही. लागते ती थांबून विचार करण्याची तयारी.

आणि हा विचार केवळ तज्ज्ञांचा नसावा. सामान्य माणसाला नकाशा वाचता येत नाही. प्रतिमान मात्र शिक्षकालाही समजते आणि लेखनिकालाही. ज्या वर्गात त्याला तीस वर्षे शिकवायचे आहे, ज्या मेजावर त्याला दिवसभर मान मोडून बसायचे आहे, तेथे उजेड आणि वारा येणार की नाही, हे त्याला आधी दाखविले पाहिजे. सार्वजनिक इमारतीचे अंदाजपत्रक मंजूर होण्यापूर्वी तिच्या भावी रहिवाशांपुढे असे ठोकळ प्रतिमान ठेवण्याचा नियम शासनाने करावा. पडद्यावरची भिंत सरकवायला क्षण पुरतो. विटांची भिंत पाडायला घण लागतो, आणि त्याची मजुरी जनतेच्या तिजोरीतून जाते.