विषावर कर, पहाऱ्याकडे पाठ

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन विसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. पुढे सारे यथासांग पार पडले. मंत्र्यांचे दौरे झाले, विशेष तपास पथक नेमले गेले, मृतांच्या वारसांना साहाय्य जाहीर झाले आणि काही कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी आली. माणसे मेल्यावर तिजोरीला पाझर फुटतो. ती जगावीत म्हणून मात्र तिचे कुलूप निघत नाही. खरे दुखणे येथेच आहे.

कायदाच नाही, असे म्हणण्याची सोय नाही. १९५८ साली केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या अन्नाने शंभराहून अधिक बळी घेतले. त्या धड्यातून १९६८ चा कीटकनाशक कायदा जन्मला. कोणते औषध बाजारात यावे हे केंद्रीय नोंदणी समिती ठरवते. पण दुकाने तपासणे, नमुने घेणे आणि दोषींवर खटले भरणे ही प्रामुख्याने राज्याची जबाबदारी. विषबाधेची प्रत्येक घटना कळवणे बंधनकारक करण्याचा अधिकारही राज्यालाच आहे.

प्रत्यक्षात बियाणे, खते आणि कीटकनाशके या तिन्हींची तपासणी बहुधा एकाच निरीक्षकाच्या गळ्यात असते. शिवाय योजना, पंचनामे आणि बैठका आहेतच. नमुन्याच्या अहवालासाठी कायद्याने तीस दिवसांची मुदत दिली आहे. बोंडअळी तीस दिवस थांबत नाही! अहवाल हाती येईपर्यंत तो माल विकला आणि फवारला गेलेला असतो.

शेतकरी हातमोजे व मुखवटा वापरत नाही, असा ठपका ठेवणे सोपे आहे. विदर्भाच्या उन्हात, डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत पंप पाठीवर घेऊन उभ्या असलेल्या मजुराला त्या औषधाची जहालता समजावून सांगायला कोण गेले होते?

निधी कोठून आणायचा, हा प्रश्नही फसवा आहे. रासायनिक कीटकनाशकांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. तो शेतकऱ्याच्या खिशातून जातो आणि त्याचा निम्मा वाटा राज्यांना मिळतो. ज्या जुलैत हा कर देशात लागू झाला, त्याच हंगामात यवतमाळ हादरले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्य कीटकनाशकांच्या विक्रीवर खास उपकर आकारते आणि त्यावर नियंत्रण विभाग चालवते. २०२४ मध्ये तो उपकर टप्प्याटप्प्याने वाढवण्याचा कायदाही तेथे झाला. आपल्याकडे नवा कर नको. आहे त्यातला एक अंश राखून ठेवला तरी स्वतंत्र निरीक्षक, सुसज्ज प्रयोगशाळा आणि ग्रामीण रुग्णालयांत कोलिनेस्टरेज चाचणी व उतारा उभा राहील.

हलाहल कंठात धारण करून सृष्टी वाचवणारा नीलकंठ एकच. शेतकऱ्याकडून नीलकंठ होण्याची अपेक्षा धरणाऱ्या राज्याने निदान त्याच्याच पैशातून त्याच्या प्राणांचा पहारा करावा. ही भीक नव्हे, ते त्याचे देणे आहे.