उकिरड्याचें भाडें

एका गांवानें आपला केर दुसऱ्या गांवच्या शिवेंत नेऊन टाकावा आणि त्या दुसऱ्या गांवानें त्याबद्दल मोबदला मागावा, हें योग्य कीं अयोग्य, असा प्रश्न कोणी काढल्यास आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस तो नगरपालिकांच्या कारकुनांनीं सोडवावयाचा एक रुक्ष हिशेब वाटेल. परंतु प्रत्येक घरांतून रोज सकाळीं जो केराचा डबा दाराबाहेर जातो, त्याच्या पुढील प्रवासाचाच हा प्रश्न आहे. म्हणून त्याचा विचार माजघरांत बसूनही करण्याजोगा आहे, अशी आमची समजूत आहे.

उदाहरणासाठीं फार दूर जावयास नको. पुणें शहराचा केर एके काळीं कोथरुडास पडत असे. तेव्हां कोथरुड म्हणजे शहराची कड. पुढें तेथें वस्ती दाट झाली, सुशिक्षितांचीं घरें उठलीं, आणि डेपो बंद झाला; त्या जागीं आतां मेट्रोच्या गाड्यांचें आगार उभें आहे. दुसरी जागा शहराच्या पूर्वेस, सासवडच्या वाटेवर, उरुळी देवाची व फुरसुंगी ह्या गांवांच्या शिवेंत होती. तेथें 1981 सालापासून केर पडत आला. कोथरुडची वाट बंद झाल्यावर शहराचा सारा भार ह्याच जागेवर आला आणि डेपो वाढत वाढत सुमारें 163 एकरांचा झाला. कोथरुडकरांची दुर्गंधीपासून सुटका झाली याचा आम्हांस आनंदच आहे. पण ती सुटका दुसऱ्या कोणाच्या तरी अंगणांतून झाली, हेंही विसरतां येत नाहीं.

त्या अंगणांत काय घडलें तें थोडक्यांत सांगतों. ओल्या केराच्या ढिगांतून पावसाचें पाणी झिरपतें तेव्हां तें काळें, आंबूस व विषारी होऊन खालीं उतरतें. ढिगाखालीं अभेद्य थर घातलेला नसेल, तर तें जमिनींत मुरून विहिरींस मिळतें. ह्या गांवांच्या विहिरींचें असेंच झालें, आणि ज्यांच्या दारांत पाणी होतें त्यांच्यावर महापालिकेच्या टँकरची वाट पाहण्याची पाळी आली. शिवाय कुजणाऱ्या केरांतून निघणारा ज्वालाग्राही वायु ढिगाच्या पोटांत सांठतो व आगी लागतात. 2017 च्या एप्रिल महिन्यांत अशीच आग लागली. तेव्हां गांवकऱ्यांनीं केराच्या गाड्या तीन आठवड्यांहून अधिक काळ अडवून धरल्या. शहरांतील पेट्या भरून वाहूं लागल्या, आणि मुख्यमंत्र्यांस मध्यें पडावें लागलें. वर्षानुवर्षें विहिरी नासत असतां जें शहर स्वस्थ होतें, तें आपल्या चौकांत घाण सुटतांच जागें झालें.

त्याच वर्षीं ऑक्टोबरांत हीं दोन्ही गांवें पुणें महापालिकेंत घेण्यांत आलीं. पुढें शहराचा कर आला पण शहराच्या सोयी आल्या नाहींत, अशी तेथील लोकांची तक्रार झाली. 2022 च्या डिसेंबरांत सरकारनें गांवें वगळण्याचें ठरविलें, आणि 2024 सालीं त्यांची स्वतंत्र नगरपरिषद स्थापन झाली. म्हणजे जीं गांवें आधीं शेजारचीं होतीं, तीं मध्यंतरीं घरचीं झालीं व पुन्हा शेजारचीं झालीं. कागदावरची हद्द अशी दोनदां हलली. ढीग मात्र जागचा हलला नाहीं. म्हणूनच मोबदल्याचा प्रश्न आतां स्वच्छपणें मांडतां येतो. दोन स्वतंत्र संस्था आहेत. त्यांतील एकीच्या केराचा त्रास दुसरीच्या माणसांनीं चाळीस वर्षें सोसला आहे.

ह्यावर शहराच्या बाजूनें असें म्हणतां येईल कीं, डेपोची जमीन रीतसर घेतली, तिची किंमत चुकती केली. मग पुन्हा भाडें कशाचें? युक्तिवाद वरवर पाहतां बिनतोड आहे. परंतु जमिनीची किंमत जमिनीपुरतीच असते. जमीन विकत घेणाऱ्यानें शेजारच्या शेतावरून वाहणारा वारा विकत घेतलेला नसतो, कीं खालून वाहणारा झरा विकत घेतलेला नसतो. आपल्या आवारांत चूल पेटविण्याचा अधिकार सर्वांस आहे; धूर शेजाऱ्याच्या पाळण्यावर सोडण्याचा अधिकार कोणासही नाहीं. तेव्हां जी रक्कम मागावयाची ती जागेची नसून जागेबाहेर गेलेल्या उपद्रवाची आहे, आणि तिला भाडें म्हणण्यापेक्षां भरपाई म्हणणेंच युक्त होईल.

मोबदल्याची कल्पना आपल्या कायद्यास अपरिचित आहे असेंही नाहीं. केंद्र सरकारनें 2016 सालीं घनकचऱ्याविषयीं जे नियम केले, त्यांत ‘टिपिंग फी’ ह्या नांवानें अशा आकाराची व्याख्या दिली होती. पन्नास किलोमीटरांच्या टप्प्यांतील शहरांनीं खर्च वांटून घेऊन एकच भराव करावा, अशीही सूचना त्यांत होती. परंतु ती फी केराची विल्हेवाट लावण्याच्या कामाची. ज्याच्या नाकासमोर ती विल्हेवाट लागते, त्या गांवाचा हिस्सा तीत सांगितलेला नव्हता. आमच्या मतें उणीव आहे ती येथें.

परदेशांत हा व्यवहार उघडपणें चालतो, व त्याचे गुणदोषही उघड झाले आहेत. कॅनडांतील टोरोंटो शहराचा मोठा भराव 2002 च्या अखेरीस बंद पडला, आणि 2010 च्या अखेरपर्यंत त्या शहराचा केर मोटारींत भरून सीमेपलीकडे अमेरिकेच्या मिशिगन राज्यांत जात असे. ज्या लहानशा वस्तीच्या हद्दींत तो पडे, तिला यजमानपणाचा मोबदला मिळे, व तिच्या उत्पन्नांत त्याचा मोठा वांटा असे. ह्यांत वस्तीची सोय झाली हें खरें. पण ज्या गांवचा दिवा परक्याच्या केरावर जळतो, त्या गांवच्या पुढाऱ्यांस केर कमी व्हावा असें मनापासून कसें वाटावें? मोबदला मिळूं लागला कीं तक्रारीचा आवाज बसतो, आणि विहीर मात्र नासतच राहते. हा धोका डोळ्यांआड करून चालणार नाहीं.

दुसरें उदाहरण त्याच देशांतील ओरेगॉन राज्याचें आहे. त्या राज्यानें आपल्या केरावर टनास 85 सेंट आणि परराज्यांतून येणाऱ्या केरावर टनास सव्वादोन डॉलर असा आकार बसविला होता. तेथील सर्वोच्च न्यायालयानें 1994 सालीं तो रद्द ठरविला. परक्या केराची विल्हेवाट अधिक खर्चाची आहे, असें खुद्द राज्याचेंही म्हणणें नव्हतें. मग अधिक आकार कशासाठीं? निवाडा राज्याराज्यांमधील व्यापाराच्या कलमावर झाला असला, तरी त्यांतील तत्त्व आपण घेण्यासारखें आहे. आकार हानीच्या मापानें असावा, परकेपणाच्या मापानें नसावा. केराला जात नसते. तो ओला कीं सुका, वेगळा केलेला कीं एकत्र कालवलेला, एवढाच त्याच्यांत भेद.

तेव्हां उरुळी-फुरसुंगीसारख्या गांवांनीं मोबदला अवश्य मागावा, आणि शहरांनीं तो खळखळ न करितां द्यावा, असें आमचें मत आहे. मात्र त्यास तीन अटी असाव्यात. पहिली अशी कीं, आकार वजनावर व प्रतीवर असावा. चाळून, कुजवून, निवडून झाल्यावर उरलेल्या निरुपयोगी केरास थोडा आणि घरांतून निघाला तसा कालवलेला आलेल्या केरास भरपूर. दुसरी अशी कीं, ही रक्कम स्वतंत्र खात्यांत राहावी, आणि तीवर पहिला हक्क ज्यांची विहीर गेली, ज्यांचें पीक गेलें, ज्यांच्या घरीं खोकला ठाण मांडून बसला, त्यांचा असावा. ती सर्वसाधारण तिजोरींत गेली, तर तिच्यांतून वेशीवरची कमान होईल व पिण्याचें पाणी तसेंच राहील. तिसरी अशी कीं, आकार दरसाल चढता असावा व त्यास शेवटची तारीख असावी. भराव बंद झाल्यावरही निदान पंधरा वर्षें त्याची निगा राखावी, असें 2016 चे नियम सांगत होते. त्या निगेचा पैसा ढीग वाढत असतांनाच बाजूस काढावयास हवा, मागाहून तो कोणी देत नाहीं.

चढत्या आकाराचा आग्रह आम्ही कां धरितों, हें केरळांतील एका गोष्टीवरून ध्यानांत येईल. तिरुवनंतपुरम शहराचा केर शहराबाहेरील विळप्पिलशाला येथें एका प्रकल्पांत जात असे. उपद्रव असह्य झाला तेव्हां तेथील ग्रामपंचायतीनें 2011 च्या डिसेंबरांत प्रकल्पाच्या दारास कुलूपच लावलें. शहरास दुसरी जागा मिळेना. मग घरोघर नळकांड्यांत व डब्यांत ओला केर कुजविण्याचे उपाय निघाले, वस्तीवस्तींत खताचे हौद झाले, आणि जें काम आपल्यानें होणें नाहीं असें शहर समजत होतें, तें हळूहळू होऊं लागलें. कुलूप हा अखेरचा उपाय, व त्यांत कलह फार. पण पुरेसा मोठा आकार तेंच काम कलहावांचून करूं शकेल. आकार क्षुल्लक असला, तर तो दंड न राहतां परवाना होतो.

हा बोजा शेवटीं आमच्याच घरपट्टींत येणार, असें वाचक म्हणतील. येणारच, आणि यावा. पुण्यांत कचरा वेंचणाऱ्यांनीं 1993 सालीं आपली कष्टकरी पंचायत उभारली, व पुढें त्यांच्या ‘स्वच्छ’ ह्या सहकारी संस्थेस घरटी दरमहा थोडी रक्कम देण्याचा प्रघात पडला. पुष्कळांस वाटतें कीं एवढ्यानें आपला हिशेब मिटला. परंतु ती रक्कम उचलण्याची मजुरी आहे. टाकण्याची किंमत त्यांत धरलेलीच नाहीं. ती आजवर फुरसुंगीच्या बायकांनीं टँकरपुढें हंडे लावून भरली आहे.

आमच्या घरांतून शुचितेचा विचार थोडा झालेला नाहीं. खरकट्या हाताचा स्पर्श कोठें चालतो व कोठें चालत नाहीं, याचे बारीक नियम आमच्या आज्यांस तोंडपाठ होते. परंतु ही शुचिता उंबरठ्याशीं थांबली. उंबऱ्याबाहेर टाकलेलें कोण उचलतो व कोठें नेतो, हें पाहणें आम्हीं आपलें काम मानलें नाहीं, आणि उचलणाऱ्यासच ओवळा ठरवून मोकळे झालों. आतां शहरें गांवांशीं तसेंच वागत आहेत. पूर्वीं परसांतला उकिरडा निदान आपल्याच वाऱ्यावर होता. त्याची घाण झाली तर आपल्यालाच येई, आणि वर्षाकांठीं त्याचें खत होऊन तें आपल्याच अळूच्या वाफ्यास पडे. म्हणून त्यांत कांच किंवा चिंधी जाऊं नये, याची काळजी घरांतील प्रत्येकजण घेई.

शहरांतील केराचा सुमारें निम्मा भाग ओला असतो, म्हणजे भाज्यांचीं देठें, फळांच्या साली, उरलेलें अन्न आणि निर्माल्य. तो घरांत अथवा इमारतीच्या आवारांत मुरविला, तर शेजारच्या गांवास जाणारा उपद्रव बहुतांशीं नाहींसा होईल. कारण कुजणें, झिरपणें व पेटणें हे तिन्ही दोष त्याच भागाचे. मोठ्या कुटुंबास हें विशेष सोपें आहे. चार सुनांच्या घरांत दोन डबे निराळे ठेवण्यास माणूस कमी पडत नाहीं. हवी ती सवय, आणि ती घरांतील वडीलधाऱ्यांनीं प्रथम लावून घ्यावी. पुढेंमागें घरपट्टीच्या कागदावर शेजारच्या गांवास द्यावयाच्या मोबदल्याची एक ओळ वाढलीच, तर तिजबद्दल कुरकुर करण्यापूर्वीं आपल्या घरचा डबा एकवार उघडून पाहावा, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.