सांभाळण्याची किंमत बाईच्याच मजुरीतून का?

अमरावती-अकोल्याच्या बहिणींनो, भावांनो,

दिवाळीनंतर कोणत्याही वावराच्या धुऱ्यावर जा. बाभळीला लुगड्याची झोळी, झोळीत सहा महिन्यांचं लेकरू आणि पलीकडे ओटी बांधून कापूस वेचणारी त्याची माय. लेकरू रडलं की ती येते, पाजते, पुन्हा पातीला लागते. वेचणीची मजुरी किलोवर. संध्याकाळी काट्यावर तिचा कापूस सोबतिणीपेक्षा चार किलो कमी भरतो. ते चार किलो लेकराला पाजण्यात गेले. पैसे मात्र तिचेच कमी होतात, बापाचे नाहीत.

शहरात काटा दिसत नाही, एवढाच फरक. दुपारी तीनला शाळेतून फोन येतो, "पोराले ताप आला, लवकर या." हा फोन बापाच्या ऑफिसात जात नाही. रजा बाईची जाते आणि बढतीच्या वेळी साहेब म्हणतात, मॅडमला घरच्या अडचणी फार. आम्ही हे कानांनी ऐकलं आहे.

केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायांची दिवसाची सरासरी 289 मिनिटं आहे. पुरुषांची 88, तीही घरकामाला हात लावणाऱ्यांचीच! राज्य सरकारनं 2018 साली आपल्या महिला कर्मचाऱ्यांना 180 दिवसांची बालसंगोपन रजा दिली. पुरुषाला ती कधी? पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजारानं अंथरुणाला खिळली असेल, तेव्हाच. धडधाकट माय घरात असली की लेकराला बाप लागत नाही, असं शासनानंच लिहून दिलं.

मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनं सांगितलं, जिथं 50 किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथं पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चारदा तिथं जाऊ दिलं पाहिजे. कायद्यानं 50 माणसं मोजली आहेत, 50 बाया नाहीत. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही अट कायम आहे. आपल्या कारखान्यात, दवाखान्यात, मोठ्या दुकानात मालकाला विचारा: पाळणाघर कुठं आहे?

शासनाला आमचं सांगणं: बापालाही विनाअट बालसंगोपन रजा द्या. वेचणीच्या हंगामात अंगणवाडी संध्याकाळपर्यंत उघडी ठेवा, आणि त्या जादा तासांचे पैसे सेविका-मदतनिसांना द्या. त्याही बायाच आहेत, त्यांच्याही घरी लेकरं आहेत.

आणि भावांनो, शासनाची वाट न पाहता एक करा. सोमवारी शाळेत जा, लेकराच्या डायरीत पहिला नंबर स्वतःचा लिहा. दुपारी तीनचा फोन तुम्ही उचला.

— अमरावतीच्या नोकरदार आणि शेतमजूर बाया