टेलिफोनचे बिल आणि व्हिएतनाम

दूरच्या युद्धाबद्दलचा संताप सामान्य माणसाने व्यक्त करावा तरी कोठे? मोर्चा एका दिवसाचा. दुसऱ्या दिवशी भाजी आणावी लागते, मुलांना शाळेत पोचवावे लागते, बिले भरावी लागतात. व्हिएतनाम युद्धाच्या काळात काही अमेरिकन नागरिकांना याचे उत्तर त्या बिलांतच सापडले.

टेलिफोनवरील केंद्रीय कर १९६६ च्या जानेवारीत १० टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आला होता. काही महिन्यांतच तो पुन्हा १० टक्के झाला. व्हिएतनाममुळेच हे विधेयक आणावे लागत आहे, असे कनिष्ठ सभागृहाच्या कर समितीचे अध्यक्ष विल्बर मिल्स यांनी स्पष्ट सांगितले. ही कबुली दुर्मिळच म्हणावयाची, कारण युद्धाचा खर्च सहसा तुटीत आणि महागाईत दडवला जातो. येथे त्याचा एक अंश दरमहा बिलावर वेगळा छापून घरी येत होता.

मग हजारो ग्राहक तेवढीच रक्कम वजा करून बिल भरू लागले. सोबत कारणाची चिठ्ठी. कंपन्या सहसा फोन तोडीत नसत, कर खात्याला कळवीत. ते खाते कधी बँकेतील ठेवीतून, कधी पगारातून वसुली करी. तिजोरीचे नुकसान नगण्य होते, हे खरे. पण डॉलर-दोन डॉलरांसाठी कारकून, टपाल आणि नोटिसा खर्ची पडत.

१९७५ मध्ये सायगाव पडले. कर हळूहळू ३ टक्क्यांवर उतरला आणि १९९० मध्ये कायमचा करण्यात आला.