कबुतरे मारून कमी होतात का?

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये मान वर केली, की जाळीबंद बाल्कन्यांच्या रांगा दिसतात. कबुतरांमुळे. परवा आमच्या इमारतीच्या बैठकीत एका गृहस्थांनी उपाय सुचवला, ‘छऱ्याची बंदूक आणा, प्रश्न मिटेल.’ कायद्याचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवू. प्रश्न खरोखर मिटेल का?

स्वित्झर्लंडमधील बाझल शहराने हे करून पाहिले आहे. १९६१ ते १९८५ या काळात तेथे सुमारे एक लाख कबुतरे मारली गेली, तरी शहरातील संख्या वीस हजारांच्या आसपासच राहिली. कबुतराची मादी एका वेळी दोन अंडी घालते आणि वर्षातून अनेकदा घालते. प्रौढ पक्षी मारले, की त्यांच्या वाट्याचे दाणे आणि जागा मोकळी होते. एरवी जी पिले जगली नसती, ती जगतात. संख्या ठरते ती अन्नावर. १९८८पासून बाझलने दाणे न टाकण्यासाठी लोकांचे मन वळवले आणि खास खुराडी उभारून त्यांतील अंडी काढून घेतली. सुमारे चार वर्षांत थवे निम्म्यावर आले.

कोणतीही हत्या कधीच समर्थनीय नसते, असे मी म्हणत नाही. केनियाच्या किनाऱ्यावर आपल्याकडचा गावकावळा स्थानिक पक्ष्यांची अंडी-पिले फस्त करतो. २०२४ मध्ये तेथील सरकारने दहा लाख कावळे मारण्याची योजना जाहीर केली. तो निर्णय वादग्रस्त असला, तरी त्यामागे निदान इतर जीव वाचवण्याचा युक्तिवाद आहे. जीव घ्यायचाच, तर हानी गंभीर हवी, दुसरा मार्ग खुंटलेला हवा आणि मारल्याने हानी खरोखर घटायला हवी. शहरी कबुतरांच्या बाबतीत पहिली अट पुरी होते. त्यांच्या विष्ठेमुळे व पिसांमुळे फुप्फुसांचे गंभीर आजार होऊ शकतात. उरलेल्या दोन होत नाहीत. निष्फळ हत्या ही केवळ क्रूरता होय.

मात्र दाणे टाकणाऱ्यांनाही भूतदयेच्या नावाखाली सुटका नाही. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत वादळ उठले, तेव्हा बंदी म्हणजे निर्दयता असे अनेकांना वाटले. पण आपल्या मुठीतल्या दाण्यांनीच संख्या फुगवायची आणि मग कोणीतरी बंदूक मागायची, यात दया कुठे आहे?

आमच्या गच्चीवर रोज सकाळी पसाभर ज्वारी पडते. पुढच्या बैठकीत मी बंदुकीला विरोध करीन, आणि त्या ज्वारीलाही.