कूटलेखक्रिया आणि अमेरिकेची फाईल

दशलक्षण पर्वात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय होतो. दहा दिवस, दहा अध्याय. यंदा सातव्या दिवशी आमच्या मंदिरात पंडितजी सत्य अणुव्रताचे पाच अतिचार समजावून सांगत होते. त्यातला एक आला, कूटलेखक्रिया. खोटा कागद करणं, दुसऱ्याच्या नावानं लिहिणं, तो बोललाच नाही ते त्याच्या नावावर घालणं. उदाहरण त्यांनी दिलं जुन्या काळच्या सावकाराचं, कोऱ्या कागदावर कुळाचा अंगठा घेणाऱ्या. आम्ही सगळ्या माना डोलावत होतो. सावकाराला नावं ठेवायला काय लागतं?

तेवढ्यात शेजारच्या बाईच्या पर्समधला फोन थरथरला. ती उठून बाहेर गेली, परत आली आणि माझ्या कानात म्हणाली, "एसओपी आला. हैदराबादच्या एजंटनं पाठवला. भारी लिहिलाय म्हणे." आणि पुन्हा हात जोडून बसली.

मीही हात जोडूनच बसले होते. आमच्या घरचा एसओपी चार वर्षांपूर्वीच येऊन गेला होता, एवढाच फरक.

ज्यांच्या घरात अजून अमेरिकेची फाईल उघडलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. एसओपी म्हणजे मुलानं विद्यापीठाला लिहायचं पत्र: मी कोण, आजवर काय केलं, मला हेच का शिकायचंय आणि तुमच्याकडेच का. त्यासोबत प्राध्यापकांची दोन-तीन शिफारसपत्रं लागतात, मार्कांचे कागद लागतात, इंग्रजीची परीक्षा लागते, कुठं जीआरई लागते. प्रवेश मिळाला की पहिल्या वर्षाचा खर्च तुमच्याकडे आहे, हे बँकेच्या कागदावर दाखवावं लागतं. तेव्हा ते आय-ट्वेंटी पाठवतात आणि मग व्हिसाची मुलाखत. गुलबर्गा-बिदरची आपली मुलं बहुतेक हैदराबादलाच जातात. (कलबुरगी म्हणायला पाहिजे, पण पन्नाशीनंतर जीभ वळत नाही.)

या फाईलमध्ये कूटलेख किती ठिकाणी बसतो, मोजून बघा. एसओपी एजंट लिहितो. "पॅकेजमध्येच आहे मॅडम, टेन्शन घेऊ नका." आमच्या मुलाच्या एसओपीत लिहिलं होतं की त्याला लहानपणापासून यंत्रांचं वेड, सहाव्या वर्षी त्यानं घरचा रेडिओ खोलून पुन्हा जोडला. आमच्या घरात रेडिओच नव्हता. आणि सहाव्या वर्षी तो चपलेचा पट्टासुद्धा माझ्याकडून लावून घ्यायचा. हीच रेडिओची गोष्ट नंतर मी आणखी एका घरी ऐकली, तिथं रेडिओच्या जागी मिक्सर होता. आता तर एजंटचीही गरज नाही म्हणे, मोबाईलला सांगितलं की तोच लिहून देतो. म्हणजे खोटं बोलायला माणूससुद्धा लागत नाही.

मग शिफारसपत्र. सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." सरांना वेळ नसतो, वर्गात शंभर मुलं, खरंच आठवत नसतात, त्यांचंही मला कळतं. पण या पत्राच्या अर्जात एक चौकट असते, तीत मुलानं लिहून द्यायचं असतं की हे पत्र बघण्याचा हक्क मी सोडतो. सरांनी मोकळेपणानं लिहावं म्हणून ही सोय. आपला मुलगा स्वतःच लिहिलेलं पत्र 'मी बघणार नाही' असं लिहून देतो! हे मला कळलं तेव्हा आधी हसू आलं. मग रात्री झोप लागली नाही.

आणि पैसे. यावर मला जास्त बोलायचंय, कारण यात माझी सही आहे.

एजंटनं सांगितलं, खात्यात अमुक इतके दिसले पाहिजेत. आमच्याकडे कर्जाचं मंजुरीपत्र होतं, पण वीस लाख कमी पडत होते. भावजींनी, म्हणजे धाकट्या दिरांनी, दाल मिलच्या धंद्यातले वीस लाख एका महिन्यासाठी आमच्या खात्यात टाकले. बँकेचा दाखला निघाला, महिन्यानं पैसे परत गेले. मधल्या काळात मी आणि 'ह्यांनी' नोटरीसमोर लिहून दिलं की ही आमची स्वतःची बचत आहे. मी बी.ए. झालेली बाई, कागद वाचूनच सही केली. संध्याकाळी घरी येऊन दिवस मावळायच्या आत जेवले, रात्रीभोजनाचा त्याग मोडला नाही. पाणी गाळूनच प्यायले.

झालं काय पुढं? काहीच नाही. म्हणूनच तर हे लिहायला बसले. मुलाला व्हिसा मिळाला, तो टेक्सासला गेला, चांगला शिकला, नोकरीला लागला. शिक्षा झाली असती तर मीही 'बघा, खोट्याचं फळ' म्हणून चार ओळी लिहून मोकळी झाले असते. फळ गोड लागलं. आपण कर्मसिद्धांत मानणारी माणसं, बंध पकडले जाण्यावर अवलंबून नसतो हे पाठशाळेत शिकलो, आणि व्यवहारात मात्र 'पकडलं का? नाही ना, मग झालं' असा आपला सिद्धांत.

पकडलेही जातात, तेही सांगते. २०२४ साली पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात एकोणीस वर्षांचा भारतीय मुलगा सापडला. मार्कांचे कागद खोटे, आणि पूर्ण शिष्यवृत्ती मिळावी म्हणून वडील वारल्याचा दाखलाही खोटा. वडील घरी जिवंत. गुन्हा कबूल केला, विद्यापीठानं काढलं, परत यावं लागलं. ही बातमी आमच्या बायकांत आली तेव्हा सगळ्या म्हणाल्या, "बाई बाई, जिवंत बापाला मारलं!" मी मनात म्हटलं, आम्ही नसलेली बचत जिवंत केली. त्याचं खोटं मोठं, आमचं लहान. पण रांग एकच, तो पुढं उभा होता एवढंच.

या विषयावर बोललं की बायका मला तीन गोष्टी ऐकवतात. एक, सगळेच करतात. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांवर भारतीय विद्यार्थी होते, चीनलाही मागं टाकलं आपण. हे सगळे खोटे कागद घेऊन गेले असं म्हणणं म्हणजे खऱ्या मुलांवर अन्याय. 'सगळेच करतात' हे वाक्य करणाऱ्यांनीच काढलेलं असतं.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि ती खरी आहे. आपली मुलं घरात मराठी बोलतात, बाजारात कन्नड, मित्रांत हिंदी, आणि इंग्रजी पुस्तकात. त्यांनी लिहिलेलं पत्र पुण्या-बंगळूरच्या मुलांपुढं कसं टिकणार? मग व्याकरण सुधारून घ्या ना. मास्तरांना दाखवा, ताईला दाखवा, चार वेळा लिहायला लावा. माझी साडी फॉलपिकोला दिली म्हणून ती दुसरीची होत नाही. पण रेडिओ खोललाच नाही, तो खोलला म्हणणं हे व्याकरण नव्हे.

तिसरी, सरळ मार्गानं गेलं तर अमेरिका दारात उभं करत नाही. आता तर फारच कडक. २०२५ च्या मे महिन्यात त्यांनी विद्यार्थ्यांना मुलाखतीच्या नव्या तारखा देणंच थांबवलं, जूनमध्ये सुरू केलं ते मुलांची समाजमाध्यमांवरची खाती उघडी करायला लावून. त्यामुळं 'थोडं इकडंतिकडं करावंच लागतं, अक्का.'

या तिसरीचं उत्तर द्यायला मला मागं जावं लागतं, आपल्या मराठी घरातून अमेरिकेला गेलेल्या पहिल्या अर्जापर्यंत. १८७८ साली गोपाळराव जोशी कोल्हापुरात टपालखात्यात नोकरीला होते. बायकोला अमेरिकेत शिकवायचं म्हणून त्यांनी वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला मदत मागणारं पत्र लिहिलं. उत्तर आलं त्याचा मतलब असा, की आधी ख्रिस्ताला शरण या. वाइल्डरसाहेबांनी ते पत्र आणि आपलं उत्तर मासिकात छापलं. आता बघा, यापेक्षा सोपं खोटं कुठलं? 'होय, आमची श्रद्धा बसतेय' एवढं लिहायचं. कागद हलला असता, पैसे आले असते. तसं लिहिलं नाही, आणि काम अडलं. दोन वर्षांनी न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंनी दाताच्या डॉक्टरकडं थांबलेल्या असताना ते जुनं मासिक चाळलं आणि स्वतःहून आनंदीबाईंना पत्र लिहिलं. फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपुरात, बंगालमधल्या, आनंदीबाईंनी भर सभेत सांगितलं की मी हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. अठरा पूर्ण व्हायचे होते त्यांचे. अमेरिकेत पोचल्यावर जूनमध्ये त्यांनी फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय कॉलेजला इंग्रजीत अर्ज लिहिला. जातीचा, आप्तांचा विरोध सोसून आलेय, माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरपेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी शिकायचंय, असा त्याचा आशय. आजच्या भाषेत तो त्यांचा एसओपीच. कॉलेजनं घेतलं, शिष्यवृत्ती दिली, ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या. पेनसिल्व्हेनियाच ते, जिथं हा लीहायचा मुलगा सापडला.

त्या काळी कडक नव्हतं, असं म्हणू नका कोणी. समुद्र ओलांडला की जात जायची. आपल्यातही वेगळं नव्हतं. शिकागोच्या १८९३ च्या धर्मपरिषदेला आत्मारामजी महाराजांना आमंत्रण आलं, मुनी जहाजातून जाऊ शकत नाहीत म्हणून वीरचंद गांधी गेले. एकोणतीस वर्षांचे. जाण्यावरून समाजात ओरड झाली. पण ते गेले ते स्वतःचं नाव, स्वतःची पगडी आणि स्वतःचा धर्म घेऊन.

आणि आपल्या मुलांकडं सांगायला काही नाही म्हणून रेडिओ लागतो का? आमच्यापासून चाळीसेक किलोमीटरवर मळखेड, सेडम तालुक्यात. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. नेमिनाथाच्या बसदीला आपण वर्षातून एकदा जातो, दर्शन घेतो, डबे उघडतो आणि परत येतो. त्याच अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह लिहिला. व्याजाचे हिशोब आहेत त्यात, सोन्याच्या कसाचे आहेत, म्हणजे आपल्याच गल्लीतले. १९१२ साली मद्रासला रंगाचार्यांनी तो इंग्रजीत आणला तेव्हा त्याला प्रस्तावना लिहिली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या प्राध्यापक डेव्हिड यूजीन स्मिथ यांनी. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेनं १९६३ मध्ये हिंदीतून काढला. अमेरिकेतल्या प्राध्यापकाला आपलं मळखेड माहीत होतं आणि आपला मुलगा तिथं जाऊन सांगतो, मी रेडिओ खोलला.

मुलाला हे सारं मी फोनवर ऐकवलं, क्षमावाणीच्या दिवशी. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आई, त्या एसओपीत काय होतं ते मी तेव्हा नीट वाचलंच नव्हतं गं. मला हे का शिकायचंय हे मला कुणी विचारलं नव्हतं." एजंटनं तर नाहीच विचारलं, पण मीही नाही. बारावीला मार्क पडले, सीट मिळाली, पोरगा इंजिनियर झाला, पुढं अमेरिका. मध्ये प्रश्न कुठंच नव्हता. अमेरिकेच्या त्या परक्या कागदानं तो पहिल्यांदा विचारला, आणि उत्तर द्यायचं काम आम्ही पॅकेजमध्ये देऊन टाकलं.

आता खरी अडचण सांगते. यंदा भावजींच्या मुलीचा नंबर आहे. हुशार आहे, आमच्या मुलापेक्षा काकणभर जास्तच. कर्ज धरून तिलाही वीस लाख कमी पडतात, आणि यंदा धंदा बसल्यानं भावजींकडे नाहीत. जाऊबाई पर्व संपल्यावर घरी आल्या. "अक्का, एक महिन्यासाठी. तुमच्या वेळी आम्ही विचारलं पण नव्हतं." मी म्हटलं, मला खोट्या कागदावर पुन्हा सही करायची नाही. त्या उठल्या. चप्पल घालताना म्हणाल्या, "मुलाच्या वेळी धर्म कुठं गेला होता? मुलीच्या वेळीच आठवला?"

याला माझ्याकडं उत्तर नाही. नाहीच. बोलल्या ते बरोबर बोलल्या. आपण पोरांची कामं उरकून घेतो आणि शुद्ध व्हायची वेळ पोरींच्या वाट्याला आली की प्रतिक्रमण सुरू करतो.

नंतर मी नीट चौकशी केली तेव्हा आणखी एक कळलं, त्यानं तर मी खालीच बसले. खर्च आईबापानंच दाखवला पाहिजे असं नसतं. काका, मामा, कुणीही प्रायोजक होऊ शकतो, त्यानं तसं लिहून द्यायचं आणि आपल्या खात्याचे कागद जोडायचे. म्हणजे आमच्या वेळीही भावजी स्वतःच्या नावानं सरळ लिहून देऊ शकले असते. एजंटनं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. पण तसं लिहून दिलं की मग ते पैसे महिन्यानं परत घ्यायचे नसतात. लागले तर खरंच द्यायचे असतात.

मी 'ह्यांना' म्हटलं, तुम्ही काका आहात, तुम्ही द्या लिहून. वीस लाख, खरे. मुलगा पाठवतो ते पैसे साठलेत, तेही त्या खोट्या सहीवरच उभे आहेत. हे पेपर वाचत होते. म्हणाले, "दाखवायला देणं वेगळं आणि देणं वेगळं." मी म्हटलं, तेच तर मी म्हणतेय.

फाईल सध्या आमच्या टीव्हीखालच्या कप्प्यात आहे. जाऊबाई अजून आमच्याकडं आलेल्या नाहीत. पुतणी मात्र काल कॉलेज सुटल्यावर आली, एसओपीचं पान घेऊन. स्वतः लिहिलंय. तूरडाळीच्या मिलमध्ये बापाच्या शेजारी बसून तिनं मालातला ओलावा, तूट, वजन यांचे आकडे वर्षभर कसे टिपून ठेवले आणि त्यावरून तिला आकडेशास्त्र का शिकावंसं वाटलं, असं काहीबाही. इंग्रजी बरंच मोडकं आहे. मला म्हणाली, "मोठी आई, मळखेडच्या त्या गणिताच्या पुस्तकाचं नाव काय म्हणाली होतीस?" मी तिला लिहून दिलं. 'ह्यांनी' पेपरवरून एकदा बघितलं, आणि पुन्हा पेपर वर धरला.